वापरवत नाही गं

मैत्रिणीच्या घरी हात धुतले आणि पुसायला काहीतरी दे म्हटलं, तर तिने ड्रॉवर उघडला, आणि त्या ड्रॉवरच्या अगदी तळाशी मी चार वर्षांपूर्वी तिला शिवून दिलेले दोन किचन टॉवेल होते. मी घातलेली घडी तशीच, वरून बांधलेली बारीक नाडी तशीच, गाठसुद्धा माझीच. त्यांच्यावर ठेवलेलं एक पातळ, विटलेलं, कडेचे धागे सुटलेलं फडकं काढून तिने माझ्या हातात दिलं. मी कुठे बघतेय ते तिच्या लक्षात आलं आणि ती जरा ओशाळलीच, म्हणाली, "अगं इतके सुंदर आहेत ना ते, वापरवत नाही गं. खराब होतील."

तिने मनापासून कौतुकच केलं होतं, मला कळतं ते. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. पांढरंशुभ्र कापड, मधोमध भरतकाम केलेली पानांची वेल, खालच्या कडेला लेस. दोन संध्याकाळी घालवल्या होत्या मी त्या वेलीवर. आणि आता विचार करते तर वाटतं की अशा टॉवेलला कोण तेलकट हात लावेल? मीसुद्धा लावला नसता. म्हणजे चूक तिची नव्हती, मी तिला पुसायची वस्तू दिलीच नव्हती, जपून ठेवायची वस्तू दिली होती. त्या दिवसापासून मी जे काही टॉवेल शिवलेत ते सगळे एकाच गोष्टीच्या मागे लागून शिवलेत, की समोरच्या माणसाचा ओला हात मागचापुढचा विचार न करता त्याच्याकडे गेला पाहिजे.

मराठीत या वस्तूला किती शब्द आहेत बघा. फडकं, पुसणं, नॅपकिन, टॉवेल, आणि प्रत्येकाचा मान वेगळा. फडकं म्हटलं की ते कशाचंही चालतं, फाटक्या बनियनचंसुद्धा. नॅपकिन म्हटलं की घडी आली, इस्त्री आली. मला यातला सगळ्यात आवडतो तो पुसणं. हातपुसणं, पायपुसणं. कामाचं नाव तेच वस्तूचं नाव, त्याच्याकडून दुसरी काही अपेक्षाच नाही. मी लोकांना देताना टॉवेल म्हणून देते, पण शिवताना मनात पुसणंच असतं.

तर कापड. इथेच निम्मा निकाल लागतो, शिलाई कितीही सुबक घाला. मला शिवण शिकवलं मावशीने, तिच्या पायमशीनवर, आणि ती कुठलंही कापड हातात आलं की बोट ओलं करून त्यावर पाण्याचा एक थेंब टाकायची. "पाणी पितं का बघ आधी," म्हणायची. थेंब पडल्या पडल्या पसरून आत जिरला तर कापड कामाचं, मण्यासारखा वर बसून राहिला तर नाही. यात एक गोम आहे, नवं कॉटन पण बऱ्याचदा थेंब वरच धरून ठेवतं, कारण विणताना धाग्यांना खळ लावलेली असते आणि नंतर वरून फिनिशिंग पण चढवलेलं असतं. म्हणून ही परीक्षा एकदा धुतल्यावर घ्यायची. धुतल्यावरही मणी बसला तर मात्र ते कापड उशीच्या अभ्र्याला वापरा, पुसण्याला नको.

कॉटन पाणी का पितं तर त्याचा तंतू जवळजवळ सगळा सेल्युलोजचा, आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. नुसतं हवेत ठेवलं तरी कॉटन आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून बसतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणून पॉलिस्टर मिसळलेल्या कापडाचा टॉवेल पाणी टिपत नाही, ते नुसतं इकडचं तिकडे सरकवतो. मी एकदा हे केलंय. कापड हाताला मऊ लागलं, रंग फार गोड होता, विचारलं नाही आणि सहा टॉवेल शिवून मोकळी झाले. पहिल्याच वापरात काचेच्या ग्लासवर पाण्याचे ओघळ तसेच राहिले, फक्त दिशा बदलली. ते सहाच्या सहा मी कोणाला दिले नाहीत. आणि गरम भांडं धरायला तर असलं कापड नकोच, कॉटन जास्त तापलं तर करपतं पण पॉलिस्टर वितळतं, आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं.

कॉटनची अजून एक गोष्ट मला फार आवडते, ती म्हणजे ओलं झाल्यावर त्याचा धागा कमजोर होत नाही, उलट जास्त बळकट होतो. लिननचंही तसंच. रेयॉनचं बरोबर उलटं, ओलं की ढिलं. ज्या वस्तूचं आयुष्यच भिजण्यात आणि पिळण्यात जायचंय तिच्यासाठी याहून चांगला गुण कुठला.

विणीबद्दल थोडक्यात. साधी सपाट वीण ग्लास आणि ताटल्या पुसायला उत्तम, मागे तंतू सोडत नाही. टर्किश टॉवेलसारखे फासे असलेलं कापड पाणी भरपूर घेतं पण काचेवर पांढरी लव ठेवून जातं. मधाच्या पोळ्यासारखे खळगे असतात ती वॉफल वीण हात पुसायला मस्त, पटकन वाळते, पण आटते फार. मी बहुतेक सपाट विणीचंच घेते, जरा जाडसर.

आटण्यावरून आठवलं, आणि हे सांगायलाच हवं कारण माझी एक अख्खी खेप यात वाया गेली. कापड मागावर आणि नंतरही ताणून धरलेलं असतं, पहिल्यांदा भरपूर पाण्यात पडलं की ते धागे हुश्श करून आपल्या मूळ लांबीवर येतात, म्हणून आटतं. साध्या कॉटनमध्ये शंभर सेंटिमीटरमागे तीन ते पाच सहज जातात, विरळ विणीत त्याहून जास्त. मी तेव्हा न धुताच कापून शिवलं, घाई होती, दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. दिले. आणि महिन्याभराने बघितले तेव्हा कापड आटलेलं आणि शिलाईचा पॉलिस्टरचा दोरा मात्र होता तेवढाच, त्यामुळे चारी कडांना चुण्या, जणू कोणी नाडी ओढलीये. ज्यांना दिले त्या बाईंनी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, ते मला जास्त लागलं. आता कापड आलं की आधी गरम पाण्यात धुते, उन्हात कडकडीत वाळवते, वॉफल असेल तर दोनदा, आणि मगच कात्री.

खरं सांगू का, सगळ्यात चांगलं कापड बऱ्याचदा घरातच असतं, जुनी कॉटनची चादर. शेकडो वेळा धुतलेली, आटायची तेवढी आटलेली, खळ कधीच निघून गेलेली, थेंब टाकला तर दिसेपर्यंत गायब. फक्त एक बघायचं, चादर मधोमध झिजते कारण माणूस तिथे झोपतो, आणि कडेला धडधाकट असते. उजेडासमोर धरली की लगेच कळतं, मधला भाग जाळीसारखा दिसतो आणि कडेकडेला नीट दाट. तर कडेचं कापायचं. अमेरिकेत १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, पिठाच्या कॉटनच्या गोण्या बायका उसवून, धुऊन त्याचे टॉवेलच काय कपडेसुद्धा शिवायच्या, आणि गिरण्यांना हे कळल्यावर त्या फुलाफुलांच्या छापील गोण्या काढायला लागल्या. तिकडे आजही पातळ सपाट पुसण्याला गोणीचंच नाव आहे. मला ही हकीकत कळल्यापासून जुनी चादर कापून कोणाला भेट देताना जो थोडा संकोच वाटायचा तो गेला.

माप माझं ठरलेलं आहे, तयार टॉवेल ५० बाय ७० सेंटिमीटर. कडेला एक सेंटिमीटर दुमडायचं आणि परत एक, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन, म्हणून कापायचं ५४ बाय ७४. ११० सेंटिमीटर पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या कापडात आडवे दोन बसतात असं कागदावर दिसतं, ५४ दुणे १०८, पण ते धुण्याआधी. धुतल्यावर पन्हा १०५-१०६ वर येतो. मी मग रुंदी ५२ च घेते आणि तयार टॉवेल ४८ चा होतो, कोणाला काही फरक पडत नाही. मापासाठी जीव टाकायची ही वस्तू नाही.

धाग्यासाठी मात्र जीव टाकावा. टॉवेल सरळ धाग्यात कापला नाही तर पहिल्या दोन-तीन धुण्यांत तो एका कोपऱ्याकडे ओढला जातो आणि मग जन्मभर त्याची घडी जुळत नाही, एक टोक बाहेर डोकावतंच. पट्टी आणि खडूवर माझा विश्वास नाही. मी काठाशी कात्रीने छोटीशी चीर देते, तिथून बाण्याचा, म्हणजे आडवा, एकच धागा नखाने वर काढते आणि हळूहळू ओढते. कापड त्या धाग्यावर गोळा होत जातं, दुसऱ्या हाताने ते सारत सारत पुढे न्यायचं. धागा तुटतो मध्येच, तुटू दे, जिथे तुटला तिथून परत पकडायचा. पूर्ण निघाला की कापडावर एक बारीक मोकळी रेघ दिसते, केसाएवढी, आणि त्या रेघेवरून कात्री चालवली की कापड विणणाऱ्याने जिथे सरळ ठेवलं होतं तिथेच सरळ कापलं जातं. वेळ लागतो याला. पण या दहा मिनिटांत मला जितकी शांतता मिळते तितकी दिवसभरात दुसऱ्या कशात मिळत नाही, फोनसुद्धा उचलत नाही मी तेव्हा.

आता कोपरा. सगळ्या टॉवेलमध्ये मी कोपऱ्यावर जास्तीत जास्त वेळ घालवते. कड दोनदा दुमडली की तिथे कापडाचे तीन थर होतात, आणि कोपऱ्यात दोन कडा एकमेकींवर येतात म्हणजे तीन गुणिले तीन, नऊ थर. सुई तिथे अडते, मशीन गुरगुरतं, चाक हाताने फिरवावं लागतं, आणि एवढं करून तो कोपरा कायम गाठीसारखा टणक राहतो आणि वाळतो सगळ्यात शेवटी. त्यासाठी कोपरा तिरका मुडपायचा. चारी कडांना आधी एक आणि परत एक सेंटिमीटर दुमडून कडक इस्त्री फिरवायची, टाचण्या नकोत, इस्त्रीची घडी पुरते. मग सगळं उघडायचं. कोपऱ्यात इस्त्रीच्या रेघांचे छोटे छोटे चौकोन दिसतात. दुसऱ्या घडीच्या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदू म्हणजे तयार टॉवेलचा कोपरा. कापडाचं टोक आत घ्यायचं, अशा बेताने की तिरकी घडी बरोबर त्या बिंदूतून जाईल, त्यावर इस्त्री, आणि घडीपासून अर्धा-पाऊण सेंटिमीटर ठेवून टोक कापून टाकायचं. आता कडा परत एकेक करून दुमडल्या की दोन्ही बाजू येऊन एका तिरक्या रेषेवर भेटतात, पंचेचाळीस अंशात, फोटोफ्रेमच्या कोपऱ्यासारख्या. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी तो कोपरा उघडून परत मिटून तीनदा बघितला होता. इतकं नीट बसतं ते. मावशीला दाखवलं तर ती चष्मा वर करून बघत म्हणाली, "झालं, आता तुला शिवता येतं." पाच वर्षं शिवत होते मी त्याआधी.

टीप मारताना सुई नव्वद नंबरची, टाका अडीच ते तीन मिलिमीटर, सुरुवातीला आणि शेवटी उलटी टीप. दुमडीच्या आतल्या काठाला अगदी लगटून. आणि खाली वर दोन्हीकडे टीप सारखी दिसतेय ना ते चिंधीवर आधी बघून घ्यायचं, कारण टॉवेलला उलट-सुलट नसतं, दोन्ही बाजू लोकांना दिसतात. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा आणि खालच्या बॉबिनचा दोरा कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात, म्हणून एखादा टाका तुटला तरी सगळी टीप सरसर उसवत जात नाही. सुईच्या टोकाशी नेढं आणि खाली शटल अशा मशीनचं पेटंट एलियास हाउने १८४६ मध्ये अमेरिकेत घेतलं, आणि अजून घराघरातली मशीनं त्याच तत्त्वावर टाका घालतात. रोज पिळल्या जाणाऱ्या वस्तूला असाच टाका हवा. मशीन नसेल तर हाताने शिवा, बारीक हेमच्या, म्हणजे दुमडलेल्या कडेच्या, टाक्याने, वेळ जास्त लागेल पण दिसेल त्याहून सुंदर. मी दोन-तीन तसे शिवलेत, प्रवासात.

सजावटीचं मी जवळजवळ सगळं सोडून दिलंय. भरतकामाचा दाट भाग पाणी घेत नाही, धुतल्यावर आजूबाजूचं कापड ओढतो, आणि मुख्य म्हणजे माणसाला घाबरवतो. लेस भांड्याच्या कानात अडकते. आता फक्त खालच्या कडेपासून चार बोटं वर रंगीत दोऱ्याच्या दोन टिपा मारते, समांतर, बस. रंग प्रत्येक घराचा वेगळा. एका घराला गडद निळा, एकीला वीटकरी, एकीच्या मुलीने हिरवाच हवा म्हणून हट्ट धरला तर तिला हिरवा. आणि कापड पण पांढरं घेत नाही हल्ली, राखाडी, मातकट, बारीक रेघांचं, ज्याच्यावर पहिला डाग पडला तर कोणाचा जीव जाणार नाही असं.

लूप मात्र हवाच, त्याच्याशिवाय मी टॉवेल पूर्ण झाला असं मानत नाही. ओलं पुसणं ओट्यावर गोळा होऊन पडलं की तासन्‌तास वाळत नाही, आणि ओलसर कापडात जंतू वाढतात, वास येतो. टांगलं की वाळतं. म्हणून चार सेंटिमीटर रुंद आणि बारा लांब पट्टी घ्यायची, दोन्ही कडा मध्यावर आणून परत दुमडायची म्हणजे एक सेंटिमीटरची जाड फीत होते, तिच्यावर टीप, आणि दुमडून लांब बाजूच्या मध्यावर हेमच्या आत खोचून मगच हेमची टीप. कोपऱ्याला लूप लावला तर टॉवेल लांबलचक लोंबतो आणि टोक चुरगळून राहतं, मध्यावर लावला की पसरून वाळतो.

देण्याआधी सगळे परत एकदा धुते. काही जणी म्हणतात नवीन वस्तू धुऊन का देतेस, नवेपणा जातो. तोच घालवायचा असतो मला. कडक इस्त्रीची घडी असली की माणूस ती मोडायला कचरतो, धुतलेलं मऊ कापड हातात आलं की ते आधीपासून घरातलंच वाटतं. सॉफ्टनर मात्र घालायचा नाही, त्याचा थर तंतूंवर बसतो आणि मग तेच कापड पाणी प्यायचं बंद करतं. हे मी देताना तोंडी सांगते, आणि हेही सांगते की हाताला वेगळा आणि भांड्यांना वेगळा ठेव, गरम पाण्यात बिनधास्त धू, ६० डिग्रीला टाकलास तरी काही होत नाही, आटायचे ते आटून झालेत. आणि गरम भांडं उचलायला ओला टॉवेल कधीच नाही, ओल्या कापडातून चटका लगेच हातापर्यंत येतो. तीन देते नेहमी. एक वापरात, एक धुण्यात, एक वाळत. एकच दिला तर तो शोभेचा होतो, हे ड्रॉवरने शिकवलंय.

शक्य असेल तर त्यांच्या घरी जाऊन देते आणि पुडकं तिथेच उघडते. माझे हात धुते आणि त्यातल्याच एकाला पुसते. समोरची "अगं थांब, दुसरं देते ना" म्हणेपर्यंत तो ओला झालेला असतो. मग तो हुकावर जातो, परत घडीत जात नाही.

त्या मैत्रिणीलाही नंतर तीन दिले, राखाडी, वीटकरी टिपांचे. वेलीचे दोन अजून ड्रॉवरमध्ये आहेत, असू देत. गेल्या महिन्यात ती आली आणि पिशवीतून एक टॉवेल काढून म्हणाली, "लूप तुटलाय गं, शिवून देशील?" मी हातात घेतला तर आधी ओळखूच आला नाही. राखाडी रंग उतरून ढगासारखा झालेला, मधे एक तपकिरी चटका, कशाचातरी पिवळट डाग कायमचा बसलेला, कापड इतकं मऊ की हातातून घरंगळत होतं. कोपरे बघितले, चारी जसेच्या तसे, पंचेचाळीस अंशात. वीटकरी दोऱ्याचा रंग फिका झालेला पण टाका एकही सुटलेला नाही. तुटला तो फक्त लूप, कारण त्या खेपेला मी नुसती सरळ टीप मारली होती. आता मी तिथे छोटा चौकोन शिवते आणि आत फुली, तशी केली असती तर तुटला नसता.

"नवीनच देते ना एक," म्हटलं तर ती म्हणाली, "नको, हाच हवाय, हा पाणी छान पितो."

मग मशीनचं झाकण काढलं. त्याच रंगाची पट्टी शिल्लक नव्हती, निळी लावली. बाराऐवजी पंधरा सेंटिमीटरची घेतली, तिच्याकडचा हुक जाड आहे म्हणाली.